कोल्ड कॉफी पिऊन उतरलेली कंबर

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं, तू होय! थांब, मिक्सर बंद करते… हं, बोल आता.

हो, हो, घेतलं. दर रविवारी घेतो तसं आजही घेतलं माप. आणि ऐक… बसली आहेस ना? बस आधी. तुझ्या बाबांची कंबर आणखी अर्धा इंच उतरली!… खोटं कशाला सांगू? त्यांनी स्वतः मोजली, स्वतःच्या टेपनं. सारा जन्म शिवणकामात गेला त्यांचा, स्वतःची कंबर मोजायला चुकतील होय?

उद्याच जायचंय डॉक्टरांकडे. आता कसलं इन्सुलिन नि कसलं काय! "कंबर उतरली तर गोळ्यांवर भागवू, नाहीतर रोज सुई," असं म्हणाले होते ना ते? मग! सकाळपासून शीळ घालत मशीन चालवतायत. अगं, आयुष्यभर बोटांत सुया टोचून घेतल्या, पण डॉक्टरांच्या हातातली सुई दिसली की… हस, हस तू.

काही नाही खात गं बिचारे. साखरेचा चहासुद्धा सोडला. जेवण अर्ध्यावर आणलंय.

मिक्सर?… मिक्सर होय… ते असंच. उन्हाळा आहे ना, घशाला कोरड पडते त्यांच्या. कोल्ड कॉफी… साधीच. दूध, कॉफी, आणि… आइस्क्रीमचा एक गोळा… बरं, दोन. एकटा बुडतो गं, त्याला धरायला दुसरा लागतो.

दिवसातून किती वेळा म्हणजे? ऊन काय एकदाच पडतं?

नाही, दुपारी कॉफी नसते. दुपारी केळ्याचा मिल्कशेक. फळ आहे की! तूच म्हणालीस ना, फळं द्या म्हणून?… साखर नाही घालत, मध घालते… मधही साखरच? हे मधमाश्यांना कुणी सांगितलंय का?

आणि संध्याकाळी मोसंबीचा रस. गाळून देते, चोथा आवडत नाही त्यांना… चोथ्यातच होतं सगळं? बघ! आणि मी तो कुंडीत टाकते. तरीच तो गुलाब एवढा माजलाय.

किती?… एका मिल्कशेकमध्ये? एका जेवणाएवढ्या कॅलरी?… अगं, पण पातळ असतो तो! चावावासुद्धा लागत नाही… हो, हो… अगं ऐक ना! त्यानं पोट भरत नाही, म्हणूनच तर जेवणाच्या आधी देते.

…बरं, नर्सबाई, कबूल. पण मग कंबर कशी उतरली? ते सांग ना!

पँट? जुन्या पँट घट्टच होतात हल्ली. धुतल्यावर कापड आटतं, म्हणतात ते… सगळ्याच कशा आटतील, ते मला काय विचारतेस? परवा शिवलेली नवी तर अगदी बेतात बसली. हो, त्याच टेपनं माप घेतलं, त्याच टेपनं कापड बेतलं.

टेप? असते की खिळ्यावर, मशीनशेजारी. संध्याकाळ झाली की पाखरू झाडावर जावं, तशी त्यांच्या गळ्यातून उतरून खिळ्यावर जाते. दुहेरी करून अडकवतात, आणि खालच्या वळशात कात्री लटकवतात, म्हणजे शोधाशोध नको… नाही, छोटी कात्री मोडली. उन्हाळा लागला तेव्हा नवी आणली, लोखंडी. माझ्यानं तर उचलवत नाही…

काय? काय म्हणालीस?

कात्रीच्या वजनानं ताणली गेली टेप?… छे! काहीतरीच!… बरं बाई, लावून बघते. तुझी शाळेतली स्टीलची पट्टी आहे अजून ड्रॉवरमध्ये. अहो, टेप द्या जरा. काही नाही हो, पोरीची आपली एक शंका… थांब, फोन खांद्यात धरते. हं. ही पट्टी. बारा इंचांवर टेपचा आकडा…

…थांब गं, पुन्हा लावून बघते.

अकरा. अकरा आणि कणभर.

हो, त्यांनीही बघितलं. चष्मा लावून बघितलं, मग चष्मा काढून. "हिनं कधी मला दगा दिला नव्हता," एवढंच म्हणाले. टेप मांडीवर घेऊन बसलेत, आजारी मांजर घेऊन बसावं तसे.

अहो, बोलता का तिच्याशी?… नको म्हणतात. विचारतायत, उद्या डॉक्टरांनी याच टेपनं मोजली तर?… अहो, नाही! खिशात काय घालताय? ठेवा ती!

…येशील? उद्या? ड्यूटी बदलून? अहो, पोर येतेय. तुमचा हात धरायला… आता मान वर केली बघ. म्हणतात, ती सुई आपल्या मशीनच्या सुईपेक्षा बारीक असते का?… खूपच बारीक, म्हणतेय! केसासारखी! आणि कॉफी, शेक, रस सगळं आजपासून बंद. पाणी प्यायचं, म्हणतेय… हो, लिंबू पिळलं तर चालेल, म्हणतेय. नुसतं.

…हा आवाज होय? खिळा ठोकतायत. कात्रीला वेगळा.

मिक्सरमधली कॉफी?… आहे तशीच. मी पिऊन टाकीन म्हणते, वाया कशाला… मला काय झालंय? त्यांना एकट्यानं प्यायला नको वाटायचं, म्हणून मी आपली सोबतीला घ्यायचे, एवढंच. आणि माझी कंबर तर त्यांच्याहून जास्त उतर…

…

हसू नकोस. हसू नकोस म्हणते ना!… अहो, तुम्ही कशाला हसताय? हातोडी बोटावर बसेल!

ठेव तू फोन. हे ती स्टीलची पट्टी घेऊन माझ्याकडेच येतायत… अहो, लांब व्हा! पट्टीनं कुणी कंबर मोजतं का?… ठेव गं तू आधी!