पडायचा क्लास

— अरे हो हो, मीच ती, धप्प धप्प करणारी. आवाज माझाच. मिक्सर नाही, फर्निचर नाही, वरचं सुतारकाम तर नाहीच नाही, वर आहेच कोण, वर गच्ची. तू आत ये आधी. चपला बाहेर नको, आत काढ — एक कुत्रा येतो, तो एकच चप्पल पळवतो आणि एक ठेवून जातो, त्याला काय मिळतं देव जाणे. बस. तिथे नको, तिथे स्प्रिंग वर आलीय. हां, इथे. तू सुयोग ना? वॉचमननं सांगितलं मला, तीनशे दोनमध्ये एकटाच मुलगा राहायला आलाय, रात्रीची ड्यूटी करतो, दिवसा झोपतो. म्हणजे माझी अकरा वाजताची धपाधप ही तुझी मध्यरात्रच की रे! सॉरी हं. मनापासून सॉरी. आणि मॅम नको म्हणूस, ऑफिसात ऐकून ऐकून कान किटले. मावशी म्हण. उत्तरामावशी. चहा टाकलाय, नाही म्हणायचं नाही, भांडायला आलेल्या माणसाला तसंच परत पाठवलं तर मला दिवसभर चैन पडत नाही.

भांडायला नाही आलास? मग काय, भर दुपारी, केस विस्कटलेले, डोळे लाल — आरतीला आलास? बरं बरं, राहिलं. हस ना, हसायला पैसे पडत नाहीत. काय बघतोयस? ती चावी? ती तुझ्यासाठीच काढून ठेवलीय. घाबरू नकोस, फ्लॅट नावावर करत नाहीये! माझ्या घराची दुसरी चावी आहे, ती तुझ्याकडे ठेवून घ्यायची, बस. खिळ्याला अडकवायची आणि विसरून जायचं. केव्हाची काढून ठेवलीय म्हणजे — तू कधीतरी तक्रार घेऊन वर येणार हे माहीतच होतं ना मला. वाटच बघत होते म्हण. आता लगेच हो-नाही करू नकोस, आधी ऐक तर.

मी पडते. मुद्दाम पडते. ती बघ गादी — आमच्या ताईची, कापसाची, असली गादी भरून देणारा पिंजारी आता मुलुंडमध्ये औषधाला सापडायचा नाही. तिच्यावर मी पडते. पुढे पडते, मागे पडते, कुशीवर पडते, लोळण घेते आणि उठते. वेडी नाही झालेय, रीतसर फी भरून शिकलेय. भांडुपला क्लास होता फायटर लोकांचा. फायटर म्हणजे सिनेमातले रे, हिरोच्या जागी जे काचेतून उड्या मारतात ना, ते. त्यांचा जो व्यायाम असतो तो आपल्यासारख्यांना शिकवायचे. तुझ्यासारख्यांना म्हणायला हवं खरं तर, कारण मी पहिल्या दिवशी गेले ती सलवार-कमीज घालून, पर्समध्ये लिमलेटच्या गोळ्या, आणि आत बघते तर सगळी पोरं दंडावर गोंदवलेली, पालीसारखी भिंतीवर चढतायत. म्हटलं झालं, लागली वाट. शिकवणारी चेतना — चाळिशीची असेल, हिरॉइनींची डुप्लिकेट होती, खरे जिने गडगडत उतरलेली बाई — ती मला बघून म्हणाली, आंटी, योगा पलीकडच्या गाळ्यात आहे. तिथे माझं डोकं सटकलं. म्हटलं, मला योगा नकोय, मला पडायला शिकायचंय. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाली, या.

अरे, काय हाल केले म्हणून सांगू! गुडघे न टेकता रांगायचं, दोराला लोंबकळायचं, आणि तो एक प्रकार — खाली बसायचं, पाय मागे फेकायचे, छाती जमिनीला, मग उठून उडी — त्याला इंग्रजीत काहीतरी नाव आहे, मी त्याला ‘मेले मेले’ म्हणायचे. पोरंही मग तेच म्हणायला लागली. चला, दहा मेले मेले! आणि ट्रॅक पँट घेतली मी स्टेशनबाहेरून, एकदम झकास, निळी, आणि ती घालून क्लासला गेले, रिक्षानं परत आले, घरी बदलताना बघते तर मागे बसायच्या जागेवर हा एवढा मोठा ‘क्वीन’ लिहिलेला! चमकीत! बसले उसवत. अजून उन्हात धरली की अक्षरं दिसतात. हां, आता कसा मोकळा हसलास. घे, चहा घे. आलं जास्त झालंय का?

पडायला कशाला शिकायचं? आता कसं बोललास. मी विमा कंपनीत होते, क्लेमच्या टेबलावर, सगळी नोकरी त्यातच गेली. तुला सांगते, माणूस पडतो म्हणून नाही मोडत, पडताना हात टेकतो म्हणून मोडतो. मनगट जातं, खांदा जातो, मागे पडला तर खुबा. एवढे कागद बघितले मी, पण स्वतः पडले ना बाथरूममध्ये, तेव्हा काय केलं? हातच टेकला. ताई गेल्यानंतरची गोष्ट. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, मधुवंती. लग्न तिनंही नाही केलं, मीही नाही. लोक विचारून विचारून दमले, मग विचारायचे बंद झाले, आणि आमचं आपलं छान चाललं होतं — ती भाजी, मी आमटी, ती खिडकीकडे, मी दाराकडे. ती गेली. झोपेत गेली, काही त्रास नाही काही नाही, सकाळी मी चहा घेऊन गेले तर — असो. तर मी पडले ते ती गेल्यावर. मनगट मोडलं, उठता येईना. ओरडले. पंख्याचा आवाज ऐकू येत होता मला बाहेरच्या खोलीतला, आणि माझा आवाज काही बाहेर जाईना. किती वेळ होते ते नको विचारूस. सकाळची पडलेली, खिडकीतलं ऊन पार भिंतीवरून गेलं.

समोरच्या रुक्मिणीवहिनींमुळे वाचले. दुधाची पिशवी दारात तशीच दिसली त्यांना. चावी होती त्यांच्याकडे. या मजल्यावर पहिल्यापासून तशीच पद्धत, त्यांची चावी आमच्या खिळ्याला, आमची त्यांच्या. कोणी गावाला गेलं की झाडांना पाणी घालायचं, विसराळूपणा केला की दार उघडून द्यायचं. पण त्या दिवशी चावी लावली तर दार उघडेना, कारण आतून कडी! एकटी बाई म्हणून कडी लावून बसायची सवय, काय करणार. शेवटी सुतार आणून दार फोडलं. तेव्हापासून मी कडी लावत नाही, रात्रीसुद्धा नाही. चोर आला तर आला. चोरापेक्षा मला त्या फरशीची जास्त भीती वाटते, खरं सांगते तुला.

मग वहिनी कुठे आहेत म्हणून विचारशील. गेल्या, मुलाकडे, नाशिकला. फ्लॅट विकला कोणा गुंतवणूकवाल्याला, त्यानं कुलूप लावलंय ते लावलंय. जायच्या दिवशी वहिनी माझी चावी परत द्यायला आल्या. कुंकवाची बोटं लावली मला, गळ्यात पडल्या, आणि चावी हातात ठेवली. तीच ही. तेव्हापासून इथेच पडून आहे. वॉचमनला म्हटलं ठेव, तो म्हणाला सोसायटी परवानगी देत नाही. सेक्रेटरीला म्हटलं तर तो शहाणा म्हणतो, मॅडम, उद्या घरातलं काही हरवलं तर जबाबदारी कोणाची? म्हटलं, बाबा रे, घरातली मी हरवले तर जबाबदारी कोणाची ते सांग! बावळटासारखा हसला नुसता.

तर क्लासचं सांगत होते. तिथे चेतनाचा एक कडक नियम होता. पडायच्या आधी मोठ्यानं ओरडायचं, ‘येतेय!’ आणि जो खाली किंवा मागे धरायला उभा आहे त्यानं ओरडायचं, ‘आहे!’ तो ‘आहे’ कानावर आल्याशिवाय अंग सोडायचं नाही म्हणजे नाही. ती स्वतः एकदा शूटिंगला ‘आहे’ न ऐकता अंग सोडून बसली होती. खाली रिकामे खोके रचतात ना पडायला, ते कोणीतरी हलवले होते. कमरेत सळई आहे तिच्या. म्हणून तो नियम. माझी जोडी लागली शीतलबरोबर, घाटकोपरची पोरगी, लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते, एवढीशी चण पण हात असले भक्कम! मी डोळे मिटायचे, म्हणायचे येतेय, मागून शीतल म्हणायची आहे हं मावशी — नुसतं ‘आहे’ म्हणायचं असतं, पण ती ‘आहे हं मावशी’ म्हणायची — आणि मी मागे अंग सोडून द्यायचे. ती काखेत धरायची, हळूच खाली ठेवायची. तुला हसू येईल, पण मी फिटनेससाठी जात नव्हते रे. पहिले चार दिवस गेले असेन. पुढे मी त्याच्यासाठी जायचे. ताई गेल्यापासून मला कोणी धरलंच नव्हतं. रिक्षावाला सुटे देताना बोट लागतं तेवढंच. वाईट वाटतं ऐकायला, पण आहे ते असं आहे. शीतलनं पहिल्यांदा धरलं तेव्हा मी रडले, आणि चेतनाला सांगितलं की पाठ दुखावली.

क्लास? बंद झाला. तो गाळा कुठल्याशा कुरिअरवाल्यानं घेतला गोदामाला. आता ऑनलाइन असतो. अकराला मोबाईल त्या डब्याला टेकवून ठेवते, त्यात ती सगळी चौकोनात. घरी गादीवर करा म्हणते चेतना. पण सगळ्यांचे आवाज बंद! गोंधळ होतो म्हणे. शीतल तर येतच नाही, तिची शिफ्ट बदलली. मी आपली म्हणते ‘येतेय’, आणि मग ऐकते. आणि मग स्वतःच म्हणते ‘आहे’. ते काही खरं नाही. स्वतःला स्वतः ‘आहे’ म्हणून अंग सुटत नाही रे, मान आखडतेच. तशीच पडले पहिल्यांदा, धप्प करून — आणि खालून ठक ठक!

तूच ना? झाडूच्या दांड्यानं? बरोबर, मला वाटलंच दांडा असणार. अरे, सॉरी कशाला म्हणतोस, झोपमोड झाल्यावर माणूस ठोकणारच. पण मी काय केलं सांगू? मी परत पडले. परत ठक ठक. मग रोजच. मी पडायचे आणि तू ठोकायचास. क्लासमध्ये तो प्रकार दोनदाच असतो, दोनदा पडलं की पुढचा व्यायाम. बाकीच्या वेळा मी — म्हणजे, तू एखाद्या दिवशी नाही ठोकलंस तर मी आणखी एकदा पडायचे. जरा जोरात. तू ठोकेपर्यंत. मग मला बरं वाटायचं. मग मी आंघोळीला जायचे.

हे मी कशाला सांगितलं तुला! काय बाई मी तरी. चहा गार झाला बघ तुझा. तू तिथे खाली शिव्या घालत असशील मला, आणि मी इथे — जाऊ दे. विसर. तर चावी. एक खिळा, बस. आणि दुधाची पिशवी नऊच्या पुढे दारात दिसली तर — तू कामावरून सकाळी येतोस ना, लिफ्टनं एक मजला जास्त वर यायचं, डोकवायचं. रोज नको. रोज कशाला. अधूनमधून. ठेवशील?

काय म्हणालास? महिनाअखेरीला? कुठे — ऐरोलीला. अच्छा. ऑफिसच्या जवळ. बरोबर आहे, येण्याजाण्यात जीव जातो, बरोबरच आहे तुझं. अ‍ॅग्रीमेंट संपलं असेल ना, अकराच महिन्यांचं असतं ते, मला कळायला हवं होतं. नाही रे, मला काय वाईट वाटायचंय! तोवर ठेवतो म्हणतोस? उचललीससुद्धा? गुणी आहेस. आईनं चांगलं वळण लावलंय. पण नको. महिन्याभरासाठी नको. महिन्यानं तू ती परत द्यायला वर येशील, त्या दारात उभा राहशील, हातात ठेवशील माझ्या. वहिनींनी दिली तेव्हा मी दार लावून तिथेच खाली बसले होते, संध्याकाळचा दिवा लावायचं भान नव्हतं मला. ते परत नको. दे इकडे. दे म्हटलं ना.

चल, ऊठ आता, तुला झोपायचं असेल. आवाजाचं बघते मी, गादी आतल्या खोलीत नेते. नको? पडा म्हणतोस खुशाल? पस्तावशील हं. मग एक लक्षात ठेव, आवाज आला की कूस बदलायची आणि झोपायचं, म्हणजे मावशी ठीक आहे. आणि एखाद्या दिवशी अकरा वाजून गेले तरी नाहीच आला, तर — काही नाही. तू तोवर ऐरोलीला असशील. जा, लिफ्ट आली बघ. चपला नीट घाल. आणि दार ओढून घे रे, डास येतात.