बापाला नोटीस

लॉर्ना: टॅक्समध्ये खर्च म्हणून गुडघ्याच्या गाद्या चालतील. फरशी कापायचं यंत्र चालेल. कुत्रा चालणार नाही.

ट्रेंट: कुत्रा गाडीत झोपतो, हत्यारं राखतो. राखणदाराचं खाणं धंद्याच्या खर्चातच येतं की.

लॉर्ना: तुझा तो डिझेल कुत्रा मी पाहिलाय, ट्रेंट. चोर आला तर यंत्राचं दुसरं टोक तो धरेल.

ट्रेंट: स्वभावच मदतीचा आहे त्याचा.

लॉर्ना: खोडला. हा चष्मा?

ट्रेंट: फरशीची रेघ बघायला.

लॉर्ना: आणि बायकोचं तोंड बघायला दुसरा आहे?

ट्रेंट: ती चार वर्षांपूर्वी गेली ना होबार्टला. तेवढ्या लांबचा चष्मा मिळत नाही.

लॉर्ना: तरीही खोडला. धंद्याचं झालं. आता मोंटेलोचं घर. भाडं आलंय जुलै ते ऑक्टोबर. भाडेकरू, मर्व वायनी.

ट्रेंट: हो.

लॉर्ना: मर्व गेल्याचं मला खरंच वाईट वाटलं रे. चर्चमध्ये आले होते मी, तुझ्याशी बोलायला मात्र मिळालं नाही.

ट्रेंट: पाहिलं होतं तुम्हाला. सगळे एकच विचारत होते, घराचं काय करणार. बाप पुरायच्या आत.

लॉर्ना: आज मीही तेच विचारणार आहे.

ट्रेंट: तुम्ही निदान फी घेता.

लॉर्ना: आधी मला सांग, त्याची अनामत परत मिळाली का?

ट्रेंट: मिळाली. मालक म्हणून मी लिहून दिलं, भाडेकरूनं घर स्वच्छ ठेवलं, माझी तक्रार नाही. मग वारस म्हणून मीच पैसे घेतले. माझे पैसे मला द्यायला अनामत सांभाळणाऱ्या त्या सरकारी ऑफिसला दोन आठवडे लागले. बाईनं फोनवर विचारलं, दोघांत काही वाद आहे का?

लॉर्ना: काय सांगितलंस?

ट्रेंट: म्हटलं, आता नाही.

लॉर्ना: बापाकडून अनामत घ्यायला मी सांगितलं नव्हतं हं.

ट्रेंट: याच टेबलावर सगळं सांगितलंत. पेपर मिल बंद पडली, म्हाताऱ्याचे हप्ते थकले, बँक घर उचलायला निघाली. मी कर्ज काढून ते घेतलं आणि तो आपल्याच घरात भाडेकरू झाला. तुम्ही म्हणालात, परक्याकडून घेशील तेवढंच भाडं बापाकडून घे. कमी घेतलंस तर कर्जाच्या व्याजाची टॅक्समध्ये पुरती सूट मिळणार नाही.

लॉर्ना: नियम आहे तो. मी नाही केला.

ट्रेंट: आणि म्हणालात, कागद चोख ठेव. उद्या कुणी विचारलं तर मर्व परका वाटला पाहिजे.

लॉर्ना: भाड्यापुरता.

ट्रेंट: हे 'भाड्यापुरता' तेव्हा सांगायचं राहिलं तुमचं. मी सगळंच चोख केलं. दर तीन महिन्यांनी घराची तपासणी. आदल्या दिवशी लेखी नोटीस, दाराखालून सरकवायची.

लॉर्ना: बापाला?

ट्रेंट: त्याला जाम आवडायचं ते. एकदा असाच गेलो रविवारी, मटण घेऊन. तर जाळीच्या दारामागून म्हणतो, नोटीस कुठाय, मालक? भाडेकरूलाही हक्क असतात. पायरीवर बसलो, खाटकाच्या कागदावर नोटीस लिहिली, आत सरकवली. वाचली आणि म्हणाला, ही आजची आहे, उद्या ये.

लॉर्ना: उघडलं की नाही शेवटी?

ट्रेंट: उघडलं. मटण पाहिलं होतं ना त्यानं.

लॉर्ना: मर्वच तो.

ट्रेंट: त्यानंतर मी असा कधी गेलो नाही. म्हटलं, तपासणी आहेच पुढच्या महिन्यात. तपासणीला टाय लावून उभा असायचा. चहाबरोबर खायचे स्कोन भाजलेले असायचे, दगडासारखे. मी भिंतींची ओल बघायचो, खिडक्या बघायचो. निघताना हमखास म्हणायचा, स्वयंपाकघरातला नळ गळतो, मालक.

लॉर्ना: दर वेळी नळच?

ट्रेंट: नळच.

लॉर्ना: मर्व मिलमध्ये फिटर होता ना? अख्ख्या मिलचं पाणी त्याच्या पान्यावर चालायचं म्हणतात.

ट्रेंट: हो.

लॉर्ना: आणि वॉशर तू बदलायचास.

ट्रेंट: मी बदलायचो. तो टॉर्च धरायचा.

(बाहेर गाडीत कुत्रा दोनदा भुंकतो आणि गप्प होतो.)

लॉर्ना: बरं. आता नीट ऐक. मर्व नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेला. तिथून टॅक्सचं वर्ष संपेपर्यंत, म्हणजे जूनपर्यंत, भाडं नाही. आठ महिने घर कशात होतं?

ट्रेंट: कशात म्हणजे? रिकामं होतं.

लॉर्ना: रिकामं असून भागत नाही. भाड्यानं द्यायला काढलं असलं पाहिजे. तरच त्या महिन्यांचं व्याज, विमा, घरपट्टी धरता येते.

ट्रेंट: आणि नाही धरलं तर?

लॉर्ना: हा आकडा बघ. एवढा टॅक्स.

ट्रेंट: ...हा आणि बँकेचा हप्ता, दोन्ही नाही झेपायचं, लॉर्ना. घर विकावं लागेल.

लॉर्ना: म्हणून तर विचारतेय. जाहिरात दिली होतीस?

ट्रेंट: दिली होती. जानेवारीत. एजंटनं बोर्डही ठोकला.

लॉर्ना: मग आधी बोल ना! कुणी आलं बघायला?

ट्रेंट: एक जोडपं आलं. चांगली होती पोरं. तिनं म्हाताऱ्याची खुर्ची खिडकीपासून सरकवली, म्हणाली इथे टीव्ही छान बसेल.

लॉर्ना: मग?

ट्रेंट: मी म्हटलं, छप्पर गळतं.

लॉर्ना: गळतं?

ट्रेंट: कुठलं! मीच बदललंय, दोन वर्षं झाली. त्याची पावती तुमच्याकडेच आहे.

लॉर्ना: आणि बोर्ड?

ट्रेंट: त्याच संध्याकाळी काढला. गाडीत आहे. डिझेल झोपतो त्याच्यावर.

लॉर्ना: म्हणजे कुत्र्याचा बिछाना.

ट्रेंट: तो तरी धरा खर्चात.

लॉर्ना: ट्रेंट.

ट्रेंट: पण जाहिरात दिली होती ना? तेवढं लिहा. छपराचं तुम्हाला कुणी सांगितलं?

लॉर्ना: तू. आत्ता.

ट्रेंट: तुम्ही ऐकलं नाही असं समजा.

लॉर्ना: कुणी विचारलं तर सही तुझी, आणि जबाब मला द्यावा लागेल. तुला ते घर भाड्यानं द्यायचंच नव्हतं.

ट्रेंट: असं कसं म्हणता? तपासण्या मी अजून करतो.

लॉर्ना: कसल्या तपासण्या?

ट्रेंट: दर तीन महिन्यांच्या. फेब्रुवारी, मे, ऑगस्ट. एक चुकवली नाही.

लॉर्ना: रिकाम्या घराची?

ट्रेंट: ओल बघतो. खिडक्या बघतो. नळ सोडून बघतो.

लॉर्ना: गळतो?

ट्रेंट: नाही. आता एक थेंब नाही.

लॉर्ना: आणि नोटीस?

ट्रेंट: देतो की. नोव्हेंबरची त्यानं फ्रिजवर लावली होती. गुरुवारी तपासणी होती, बुधवारी रात्री गेला. घर झाडून ठेवलेलं. नंतरच्या तिन्ही दाराशीच पडल्यात. आत जाताना पाय पडणार नाही असं बघतो.

लॉर्ना: ...चहा ठेवू?

ट्रेंट: नको. आकडाच सांगा.

लॉर्ना: आकडा तोच आहे. हे आठ महिने मला धरता येणार नाहीत. टॅक्स हप्त्यांनी भरायची परवानगी मी मागते, ते देतात. पण बोर्ड आता लाव, आणि खरा लाव. मनापासून भाड्यानं द्यायला काढलंस त्या दिवसापासूनचा खर्च पुढच्या रिटर्नमध्ये धरू. भाडेकरू आला तर घर निभेल.

ट्रेंट: नाही तर?

लॉर्ना: नाही तर विकावं लागेल. रिकामं ठेवून राहील असा रस्ता मला माहीत नाही. असता तर फी न घेता सांगितला असता.

ट्रेंट: ती पोरगी खुर्ची सरकवत होती ना, तर जमिनीवर पायांच्या खुणा होत्या खुर्चीच्या. मी फरशीवाला. मला त्या आधी दिसायला हव्या होत्या.

लॉर्ना: खुणा पुसू नकोस. नव्या लोकांना काही फरक पडत नाही.

ट्रेंट: शनिवारी सामान काढतो.

लॉर्ना: मी येते. कपाट उचलायला दोघं लागतात, आणि तुझ्या कुत्र्यावर माझा भरवसा नाही.

ट्रेंट: या. दहाला. मला शुक्रवारी मात्र एकदा जाऊन यावं लागेल.

लॉर्ना: शुक्रवारी कशाला?

ट्रेंट: नोटीस सरकवायला. तशाच गेलात तर दार उघडत नाही तो.