निळा रंग का उडाला

हॅलो? …हं आई, बोल. …नाही, जेवले नाही. …अगं, चारला सर येतायत! आजही अंधारात रंग उडाला तर प्रयोग बंद करणार म्हणाले. दोन वर्षांचं काम… हो, बाथरूममधली वेल पिवळी पडली. कालच सांगितलंस. …काळोखात ठेवल्यावर काय गुलाबी होणार? उजेड लागतो तिला!

…हो, माझा प्रयोगही त्याचाच. पानावर उजेड पडला की इलेक्ट्रॉन सुटतो. मग एकाने दुसऱ्याला दिला, दुसऱ्याने तिसऱ्याला… हो हो, आत्याला सांगितलेली गोष्ट फिरते तस्साच! फक्त इथे शेवटी साखर होते, भांडण नाही. मी पानाचा रस काढून त्यात निळा रंग घातलाय. त्याला इलेक्ट्रॉन मिळाला की निळेपणा जातो. …नाही गं, उजेडात जायलाच हवा! पण अंधाऱ्या खोलीतल्या नळीतलाही जातोय. …खिडकीच नाहीये. दाराच्या फटीलासुद्धा काळी पट्टी लावली. शेवटी शिपाईकाकांवर आळ घेतला, तुम्हीच दार उघडता म्हणून. बिचारे बोलत नाहीत माझ्याशी.

…फोन? प्रयोग चालू असताना तो आतच असतो, नळीशेजारी. तुझे फोन नकोत म्हणून… म्हणजे, कामात लक्ष लागावं म्हणून गं! मी बाहेर बसते. …आवाज बंदच असतो. तू केलास की नुसता फ्लॅश चमकतो, लख्खकन…

…

आई. काल मी उचलला नाही, तेव्हा परत केला होतास? …परत परत. वा! …आणि परवा? …काळजी वाटली म्हणून. वा, वा!

…अगं, रडतेस काय? ऐक ना… ऐक! तू नाही काही बिघडवलंस. अक्कल माझी गहाण पडली होती. उलट, तुझ्या मिस्ड कॉलनेसुद्धा रंग उडतो, म्हणजे प्रयोग खणखणीत आहे!

आता असं कर, चारला मला फोन लाव. …हो, लाव म्हणतेय! जन्मात पहिल्यांदा! एक नळी फॉइलमध्ये गुंडाळते, दुसरी उघडी ठेवते. सरांना बघू दे कुठली फिकी पडते ती. …जमेल का? आई, हे तुझ्याइतकं जगात कुणालाच जमणार नाही.

…वेल ना? खिडकीत ठेव. …नाही, तिला फोन करून भागणार नाही! …हो, जेवते. आधी काकांची माफी मागते, मग जेवते. ठेवू?

…आणि आई, मी उचलला नाही तरी करत राहा हं.