वाटाण्यांचे गोल

—छे हो, तापाबिपाचं जागरण नाही हे. पोरगी ठणठणीत आहे, आत पाळणाघरात कुणाचा तरी डबा फस्त करत असेल. झोप उडाली ती वाटाण्यांमुळे. बसा ना, दार उघडायला वेळ आहे अजून. हो, वाटाणेच, सुके — आता सांगायचं म्हणजे आधी माझं शिक्षण सांगावं लागणार, आणि ते आमच्या सासूबाईंनाही अजून नीट सांगता आलेलं नाही. त्या शेजारणीला सांगतात, "ती परदेशातल्या गरिबांचं काहीतरी शिकते." तसं बरोबरच आहे म्हणा. विकासाचं काम — दुसऱ्या देशात जायचं, तिथल्या आयाबायांना विचारायचं, बाई गं, तुझं नेमकं अडलंय कुठे. आता नेमणूक आलीय, दोन वर्षांची. लेकरं अंगाशी धरून कशी वाढवावीत, लहानपणी आईचा सहवास किती मोलाचा, हे तिथल्या बायकांना समजवायचं — आणि स्वतःची मुलं न्यायची परवानगी नाही. हसा, हसा. मुलाखतीत मीही हसले होते. तेच नडलं बहुतेक, त्यांना वाटलं बाई खंबीर आहे.

तर आज संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचंय. नवरा म्हणतो, तुझं तू ठरव — म्हणजे ठरवायचंही मी आणि बोलणीही मीच खायची. मग म्हटलं, जिचा प्रश्न तिलाच विचारावं. आमच्या अभ्यासक्रमात तसंच शिकवतात — ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यासमोर जमिनीवर खडूने गोल काढायचे, हातात दाणे द्यायचे, जे जवळचं त्यात जास्त ठेवा म्हणायचं, आणि आपण तोंड मिटून बसायचं. सगळ्यात महत्त्वाचं तेच, तोंड मिटणं. चार वर्षांच्या पोरीवर कोण करतं असलं? मीच. काल दुपारी स्वयंपाकघराच्या फरशीवर तीन गोल — आई, बाबा, आजी. "ठमे, कुणाजवळ तुला सगळ्यात बरं वाटतं?" तिने ओंजळभर वाटाणे आजीच्या गोलात ओतले. उरलेले बाबाच्या. एक घरंगळत माझ्या रेषेवर येऊन थांबला होता, तोही उचलून नीट आजीकडे नेऊन ठेवला.

मग काय, मला आनंद व्हायला हवा होता ना — पोर आजीजवळ सुखात राहील, मी मोकळी. नाही झाला. मी सगळे दाणे गोळा केले आणि म्हटलं, पुन्हा ठेव बघू, नीट विचार करून. वर्गात कुणी असं केलं असतं तर मॅडमनी बाहेर काढलं असतं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं — वाटाण्यांकडे नाही, तोंडाकडे — आणि सगळेच्या सगळे माझ्या गोलात ठेवले. एकेक करून. प्रत्येक ठेवला की मान वर, बरोबर ना? मी टाळ्या वाजवल्या हो. टाळ्या.

आणि अंथरुणावर पडल्यावर डोळ्यांपुढे ती नाही, त्या बायका यायला लागल्या — प्रबंधासाठी ज्यांच्या दारात मी असेच गोल काढले होते. त्याही माझ्या तोंडाकडेच बघत होत्या. मला वाटायचं, किती विश्वासाने बघतात. आता ‘नाही’ म्हणून कळवावं, तर पोर आजीलाच चिकटणार आणि मी घरात बसून दोघींवर चरफडणार. ‘हो’ म्हणून कळवावं, तर तिथे जाऊन पुन्हा खडूच. कुठेही गेले तरी मला खरं कोण सांगणार, सांगा ना — नको, तुम्ही नका सांगू, तुम्हीही मघापासून माझ्या तोंडाकडे बघूनच मान हलवताय.

उघडलं दार. ती बघा आमची, डावा बूट उजव्या पायात. ये गं. इकडे बघ — नाही, माझ्याकडे नको, खाली बुटांकडे बघ आणि खरं खरं सांग, आई खूप दिवस लांब गेली तर चालेल तुला?

ऐकलंत? नाही ऐकलंत? "आधी तू सांग ना," म्हणते, "मी काय म्हणू?"