उद्याच्या अंकात खुलासा

(अंबड, कोर्टासमोरचं हॉटेल, सकाळ. राजानंद ‘शिवारघोष’चा बातमीदार, अर्पिता ‘काळीमाती’ची.)

अर्पिता: राजाकाका, खरं सांगा. काल मी टाकलेली बातमी तुम्ही वाचली तरी होती का?

राजानंद: वाचायची काय गरज? आपला रिवाजच हाय. कोर्टाचं मी लिहायचं, पंचायत समितीचं तू. मंग एकमेकाला द्यायचं, हेडिंग बदलायचं अन् आपापल्या पेपरला धाडायचं.

अर्पिता: अहो, पण कालची पंचायत समितीची नव्हती! आपलीच होती. तुम्हाला नुसती दाखवायला टाकली होती.

राजानंद: आण बरं तो पेपर इकडं. ‘काळीमातीने शिवारघोष विकत घेतला... अंबडच्या दोन बातमीदारांपैकी एकाला घरी बसवणार... मालकांशी संपर्क होऊ शकला नाही.’ अगं माय! हे माझ्या नावानं छापलं?

अर्पिता: दोन्ही पेपरात, शब्दाला शब्द. माझ्या पेपरला मी धाडली, तुमच्या पेपरला तुम्ही. जालन्याच्या हापिसात कोण बघतंय, अंबडची बातमी सरळ पानात जाते. अन् तुमचं हेडिंग काय, तर ‘अंबडकरांसाठी आनंदवार्ता’!

राजानंद: मला वाटलं नळाला पाणी सुटलं असंल!

अर्पिता: हसवू नका हो, मला रडायचंय. कारखान्यानं माणसं कमी केली की आपण ‘टांगती तलवार’ लिहितो. स्वतःच्या घरचं झालं तर आपल्याच पेपरात ‘दमदार पाऊल’! डोकंच फिरलं माझं, म्हणून लिहिली.

राजानंद: बराबर लिहिलीस. पण पोरी, ती एक जागा तू घे. मी काय, शेत करीन.

अर्पिता: शेत? तुम्हाला तण अन् पीक वेगळं ओळखू येतं का? सगळं काकू बघतात.

राजानंद: थांब, फोन वाजून राह्यला. काकासाहेब! आता दोन्ही पेपरचे संपादक! स्पीकरवर टाकतो.

काकासाहेब: राजानंद? ती पोरगीही तिथंच असेल. लाज वाटते का दोघांना?

राजानंद: साहेब, चूक माझी. तिचा बिलकुल दोष न्हाई.

अर्पिता: लिहिली मी, साहेब. काढायचं तर मला काढा.

काकासाहेब: गप बसा! जाफराबादपासून अंकुशनगरपर्यंत लोक मालकांना फोन करून राह्यलेत. आमच्या राजाभाऊला काढता का, त्या पोरीला काढता का? मालकांच्या सासऱ्यांनीसुद्धा झापलं त्यांना.

अर्पिता: मंग?

काकासाहेब: मंग काय! मालक म्हणतात, बातमी खोटी आहे. कोणाला काढायचं ठरलंच नव्हतं.

अर्पिता: ठरलं होतं, साहेब! तुम्हीच सांगितलं मला.

काकासाहेब: तेव्हा खरी होती गं बाई, आता खोटी आहे! उद्या ठळक खुलासा जाणार: अंबडला दोघंही राहणार. इतक्या वर्षांत खुलासा छापायचा म्हणून मी पहिल्यांदाच पेढे मागवलेत. चला, जल्दी लिहा. ठेवतो.

अर्पिता: काका! आपली बातमी खोटी ठरली!

राजानंद: अशी रोज ठरो! भिवा, दोन चहा टाक, अन् भजी गरम काढ!

अर्पिता: सांगा तुम्ही, मी लिहून घेते.

राजानंद: थांब गं, आधी तुझ्या काकूला फोन लावू दे. सकाळी पेपर मागितला तर म्हणाली, आज आलाच न्हाई. अन् पेपरची घडी तिच्या पदराखाली दिसत होती.