जळकं ऑइल

तारामती : आधी चहा घे. ओंडका काय पळून जात न्हाई. अन् मला काकू नको म्हणू. माझी दीपमाला तुझ्या आईला अम्मीच म्हणायची की.

सुमय्या : बरं, आईच म्हणते. बाबा नाहीत घरी?

तारामती : मुखेडच्या बाजाराला गेलेत, दुपारच्या येष्टीनं येतील. नांदेडहून एकलीच आलीस?

सुमय्या : टेम्पो येतोय मागून. सर म्हणाले, ओंडका कॉलेजात आणून ठेव. माशी निघायचे दिवस आलेत आता.

तारामती : किनवटच्या जंगलातून हे कुजकं लाकूड घेऊन आली, तवा लई बोलले तिला. म्हटलं, लोकाच्या पोरी कपाटासाठी रुसतात, अन् माझी सडका ओंडका आणून राहिली!

सुमय्या : होस्टेलवर ठेवणार होती. वॉर्डनबाईनं दोघींना ओंडक्यासकट बाहेर काढलं.

तारामती : म्हणे, "आये, याच्या पोटात अळ्या हायत. दोन वर्सं आत राहून माशी होतात. मी नसले तर पाणी शिंपडत जा. बाळंतपण तुलाच करायचंय." बोलून गेली बाई, अन् खरंच राहिली न्हाई.

सुमय्या : आई, ती माशी अजून कुठंच नोंदलेली नाही. सरांनी अळीचे फोटो पाठवले होते. तिकडचे तज्ज्ञ म्हणतात, पूर्ण माशी दाखवा, मग नाव देऊ. सर म्हणाले, दीपमालाचंच देऊ.

तारामती : म्हंजे पुस्तकात?

सुमय्या : पुस्तकात. आपण सगळे गेलो तरी राहील.

तारामती : श्रावणात डेंगूनं नेली, तवापासून या घरात तिचं नाव निघत न्हाई. निघालं की हे उठून रानात जातात. अन् तुझे सर म्हणतात... ऊठ, ऊठ बाई, दाखवते. जिवापाड जपलाय मी.

(गोठ्यामागे लिंबाच्या सावलीत, जाळीत गुंडाळलेला ओंडका. सुमय्या वाकून साल चाचपते. बोट काळं होतं. ती ते नाकाशी नेते, आणि मग तिला मान वर करवत नाही.)

सुमय्या : हे काळं काय आहे, आई?

तारामती : जळकं ऑइल. दिवाळीच्या वक्ताला खालून उधई चढली. माझं काळीजच हाललं. पोरीची एवढी एक वस्तू, ती बी खाऊन टाकती का काय! शेजारच्या सत्यमच्या ट्रॅक्टरमधून काढलेलं डबाभर आणलं. आमच्या चौकटींना तेच लावतो आम्ही. दोन हात मारले. एक उधई राहिली न्हाई बघ.

सुमय्या : वाळवीसाठी भोकांत पण लावलं?

तारामती : तिथं तर आधी. चिंधीनं आत बसवलं. का गं?

सुमय्या : काही नाही. तुम्ही लई जपलंत हो.

तारामती : ते न्हाई विचारलं. अळ्या हायत का आत?

सुमय्या : कॉलेजात कापून बघू ना...

तारामती : तुला तुझ्या अम्मीची शपथ.

सुमय्या : नाहीत, आई. तेलानं अळीचा श्वास कोंडतो.

तारामती : म्हंजे मीच मारल्या.

सुमय्या : तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. मी आधी यायला पाहिजे होतं. या घरात पाय ठेवायची हिंमतच झाली नाही माझी.

तारामती : दुसरा ओंडका न्हाई का गं त्या जंगलात?

सुमय्या : दोनदा जाऊन आले. ते पडलेलं झाड नाल्याच्या पुरात वाहून गेलं. बाकीच्या लाकडांत काही सापडलं नाही.

तारामती : रडू नको. टेम्पो आला वाटतं.

सुमय्या : परत पाठवते त्याला.

तारामती : न्हाई. ओंडका घेऊन जा.

सुमय्या : पण आई, आत आता काहीच...

तारामती : घेऊन जा म्हणते ना! हे रोज सकाळी तोंड धुतलं की पहिलं जाळी उघडून बघतात, निघाली का म्हणून. मी सांगीन, कॉलेजवाले घेऊन गेले, तिकडं निघंल.