पहिली सही

(ओमान. मस्कतमधलं रुवी. सुचित्रा मॅडमचा फ्लॅट. कॉटवर उघड्या बॅगा.)

सुचित्रा : तक्रार मागे घ्यायला फार उशीर झाला हो, प्रतापराव. व्हिसा कॅन्सलला गेलाय. मंगळवारचं पुण्याचं तिकीट आहे.

प्रताप : पण मॅडम, तुमची नोकरी घालवा असं मी कुठे लिहिलं होतं? मला वाटलं, प्रिन्सिपल तुम्हाला बोलावतील, समज देतील, धडा बदलतील. खलास.

सुचित्रा : पंचवीस पालकांची नावं होती त्यावर. पहिली सही तुमची.

प्रताप : ग्रुपवर मी टाकलं, बाकीचे नुसते 'ॲग्रीड, ॲग्रीड' करत गेले. वर्गातल्या त्या जुनैदच्या वडिलांनी तर वाचलंही नाही.

सुचित्रा : मी आठवीच्या पोरांना अमेरिकेचा द्वेष शिकवते, असं लिहिलंत तुम्ही.

प्रताप : मग काय तर! एवढी फी भरून अमेरिकन अभ्यासक्रमाची शाळा घेतली कशाला? इराला पुढे तिकडेच पाठवायचंय. आणि तुम्ही तीन आठवडे तेच! गुलामांचे बाजार, गोऱ्यांचा नळ वेगळा, काळ्यांचा वेगळा. त्यांनी चंद्रावर माणूस उतरवला, त्याचं काय?

सुचित्रा : ते पुढच्या टर्मला होतं. पण तीन आठवडे जास्त झाले, कबूल. मी त्या नळांपाशीच अडकून पडले. एक फोन करून सांगितलं असतंत, तर ऐकलं असतं मी.

प्रताप : करायला हवा होता. चुकलंच.

सुचित्रा : खरं सांगा, राग अमेरिकेपायी आला होता?

प्रताप : मग कशापायी येणार?

सुचित्रा : मी गृहपाठ दिला होता. 'असं वेगळं काही तुमच्या गावी होतं का? आजीआजोबांना विचारा.' सगळ्यांच्या वह्या आल्या. इराची नाही.

प्रताप : वही माझ्याकडे आहे. कपाटात, कपड्यांखाली. तिला वाटतंय, स्कूलबसमध्ये राहिली.

सुचित्रा : काय लिहिलं होतं तिनं?

प्रताप : गावी माझ्या बाबांना फोन लावलान. म्हाताऱ्यानं सगळं सांगून टाकलं. भातलावणीला बायका यायच्या, त्यांना चहा करवंटीत. करवंट्या बाहेर गडग्याच्या दगडांत खोचलेल्या, घरात आणायच्या नाहीत. चहा वरून ओतायचा, शिवायचं नाही. ओतायला मी. दहा वर्षांचा होतो हो मी, मॅडम! आणि हिनं शेवटी काय लिहावं? 'माय फादर पोर्ड द टी.'

सुचित्रा : दहापैकी दहा दिले असते मी.

प्रताप : उद्या मॅनेजमेंटला भेटतो. आमच्या अर्बाबची, कंपनीच्या मालकाची, तिथे ओळख आहे, तो शब्द टाकेल.

सुचित्रा : नको. परवापर्यंत काही होत नाही. माझा नवरा, आशुतोष, तिकडे लांब दुक्मला साइटच्या कॅम्पवर आहे, त्याला फॅमिली व्हिसा नाही. माझ्या नोकरीवर हे घर उभं होतं. पंधरा दिवसांनी का होईना, घरचं जेवायला यायचा. आता मी पुण्याला, तो तिथे. वाईट वाटतं हो फार. आणि तुमचा राग येतो, तोही सांगून टाकते.

प्रताप : यायलाच हवा. हे पाकीट इरानं दिलंय. चिकटवलेलं आहे, मी उघडलं नाही.

सुचित्रा : बघू. 'डिअर मॅडम, मी मराठीत लिहिते कारण तुम्ही मराठी आहे. ज्या लोकांनी तुमची कम्प्लेंट केली ते मला आवडत नाही. माझे बाबा त्या लोकांशी खूप भांडले. बाबांनी प्रॉमिस केलं, तुम्ही जाणार नाही.'

प्रताप : पुढे नका वाचू.

सुचित्रा : भांडलात तुम्ही?

प्रताप : रडत होती हो सारखी. तोंडातून निघून गेलं.

सुचित्रा : हिला उत्तर लिहायला हवं.

प्रताप : लिहा. खरं काय ते लिहा. मी नेऊन देतो.

सुचित्रा : मी फक्त 'थँक्यू, इरा' लिहिणार आहे. खरं तुम्ही सांगायचं. सांगून झालं की तिला घेऊन या मला भेटायला. मंगळवारी सकाळपर्यंत आहे मी इथे.

प्रताप : आज रविवार झाला, मॅडम.

सुचित्रा : हो ना. संध्याकाळ झालीच.